वर्गातील मुलांना कवितेविषयी लिहिते कसे करावे

नववी-दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सलग तपासायला घेतला, की रसग्रहणाच्या प्रश्नाखाली तीच चार-पाच वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. ‘कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे’, ‘कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’, ‘ही कविता वाचकाच्या मनाला भिडते’. या वाक्यांत व्याकरणाची चूक नसते आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य या ठरलेल्या मुद्द्यांखाली ती व्यवस्थित बसतात. तरीही लिहिणाऱ्याने कविता खरोखर वाचली होती की बाजारातल्या गाईडमधून उत्तर पाठ केले होते, हे त्यांवरून कळत नाही. अनेक वर्षे मराठी शिकवताना मला याचे एक कारण सर्वांत ठळकपणे जाणवले आहे. मुलांच्या या लेखनाला वाचक नसतो. ते तपासले जाते, त्यावर गुण पडतात, आणि ज्या मुलीने ते लिहिले तिलाही ते पुन्हा उघडून पाहावेसे वाटत नाही. जे लिहिले त्यावर समोरून प्रश्न येणार नाही हे एकदा ठाऊक झाले, की पोकळ विधान करायला कुणालाच संकोच वाटत नाही.

म्हणून पुढे सांगितलेली पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. मुलाने कवितेविषयी लिहिलेले पान वर्गातल्या दुसऱ्या मुलांनी वाचावे, त्यावर लेखी प्रश्न विचारावेत, आणि मूळ लेखकाने त्या प्रश्नांना उत्तर देत आपले लेखन पुन्हा लिहावे. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. भित्तिपत्रके आणि हस्तलिखिते आपल्या शाळांत पूर्वीपासून निघत आली आहेत, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात शिक्षक असताना साने गुरुजी तेथील वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत असत. आपण लिहिलेले उद्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा वाचणार आहे, ही जाणीव लेखनात जो जिवंतपणा आणते, तो मला साहित्यविषयक लेखनात हवा आहे. अलीकडे अनेक शाळांत हस्तलिखित वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनापुरते निघते, आणि त्यात निवडक मुलांचे सुवाच्य अक्षरातले लेखन असते. येथे मात्र वर्गातल्या प्रत्येक मुलाचा कच्चा खर्डा दुसऱ्याच्या हाती जायला हवा.

लागणारे साहित्य

साहित्य फार थोडे लागते: दुहेरी फुलस्केप कागद, पुठ्ठ्याच्या पाच फायली आणि त्यांना बांधायचे टॅग. दुहेरी कागदाला चार पाने असतात आणि या पद्धतीला नेमकी चार पानेच हवी असतात. पहिल्या पानावर मुलाने आपला पहिला खर्डा लिहायचा, मधल्या दोन पानांवर वाचणाऱ्यांनी आपले प्रश्न आणि टिपणे लिहायची, आणि चौथ्या पानावर मूळ लेखकाने सुधारलेला खर्डा लिहायचा. एकाच कागदावर लेखनाचा आधीचा आणि नंतरचा अवतार राहिल्यामुळे काय बदलले आणि कोणाच्या प्रश्नामुळे बदलले, हे मुलांना स्वतः पाहता येते. वही वापरली तर ती एका वेळी एकाच मुलाकडे असते आणि बाकीच्यांचे काम अडते. सुटे कागद घरी नेता येतात आणि आणून फायलीत ओवता येतात. फायली वर्गातच, कोणालाही सहज हाताळता येतील अशा जागी ठेवाव्यात. मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद झालेली फाईल कोणी वाचत नाही.

साठ मुलांच्या वर्गात बारा-बारा मुलांचे पाच गट करावेत. एका आठवड्यात एका गटाने लिहावे आणि दुसऱ्या गटाने त्यावर उत्तर द्यावे; पुढच्या आठवड्यात ही जोडी पुढे सरकते. अशा रीतीने पंधरा आठवड्यांच्या सत्रात प्रत्येक मूल तीन वेळा लिहिते आणि तीन वेळा दुसऱ्याचे लेखन बारकाईने वाचते, तर शिक्षकाला आठवड्याला बाराच पाने वाचावी लागतात. लेखनाची मर्यादा सुरुवातीला दीडशे शब्दांची ठेवावी. दीडशे शब्दांच्या हिशेबाने बारा मुलांचे लेखन अठराशे शब्दांचे होते, आणि ते एका बैठकीत नीट वाचून होते. साठही मुलांकडून दर आठवड्याला लिहून घेण्याचा उत्साह पहिल्या महिन्यातच मावळतो, आणि मग तपासणी पुन्हा बरोबरच्या खुणेवर व सहीवर येऊन थांबते.

कवितेची निवड आणि पहिली तासिका

पहिली कविता छोटी असावी, फळ्यावर पूर्ण मावेल इतकी, आणि तिच्यात अवघड शब्द थोडे पण विचार करायला जागा पुष्कळ असावी. मी या कामासाठी बालकवींची ‘औदुंबर’ वापरते, मग ती त्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकात असो वा नसो. आठ ओळींच्या या कवितेचा अर्थ काय, याविषयी मराठी समीक्षकांनी इतकी निरनिराळी मते मांडली आहेत की एकच बरोबर उत्तर आहे आणि ते शिक्षकांना ठाऊक आहे, हा मुलांचा समज ती कविता स्वतःच दूर करते. शिवाय तिच्यात दृश्य आहे, त्यामुळे ज्याला कवितेची भीती वाटते त्यालाही काहीतरी दिसतेच.

पहिल्या तासिकेत अर्थ सांगू नये. कविता फळ्यावर लिहावी, दोनदा मोठ्याने वाचावी आणि मुलांना फक्त मोजायला लावावे. तिच्यात रंगाचे शब्द किती आहेत? मुले शोधतात: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या, आणि शेवटी काळिमा. आठ ओळींत सात रंगवाचक शब्द आहेत. कोणत्या ओळींत एकही रंग नाही, हे विचारले की वर्ग क्षणभर शांत होतो आणि मग उत्तर येते, की तिसऱ्या ओळीत, जिथे चार घरांचे गाव आहे, आणि ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ या आठव्या ओळीत, जिथे स्वतः औदुंबर आहे. ज्याच्या नावाने कविता आहे त्या झाडाला कवीने रंग दिलेला नाही, हे मुलांनी स्वतः मोजून काढलेले असते, आणि मोजून काढलेली गोष्ट कोणत्याही गाईडातल्या वाक्यापेक्षा त्यांना अधिक आपली वाटते.

त्यानंतर क्रियापदे काढायला लावावीत. झरा वाहतो, शेतमळ्यांची गर्दी लागते, पायवाट आधी अडवीतिडवी पडते आणि मग डोहाकडे चालू लागते, काळिमा पसरतो, आणि औदुंबर बसतो. कवितेत जे जे चालते-फिरते त्याची यादी एका बाजूला आणि जे स्थिर आहे त्याची यादी दुसऱ्या बाजूला केली, तर दुसऱ्या यादीत झाडाच्या सोबतीला फार काही उरत नाही. मग विचारावे, की या कवितेत माणूस कुठे आहे? गाव आहे, शेते आहेत, माणसांच्या पायांनी पडलेली वाट आहे, परंतु माणूस एकही नाही. आणि ‘गर्दी’ हा शब्द, जो आपण एरवी माणसांसाठी वापरतो, तो येथे शेतमळ्यांना लावलेला आहे. हे एका मुलीच्या लक्षात आले तेव्हा तिने जागेवरून उठून फळ्यावरच्या त्या शब्दाभोवती खडूने गोल काढला होता. अशा दोन-तीन गोष्टी फळ्यावर जमल्या की तासिका संपवावी. निष्कर्ष काढण्याची घाई शिक्षकाने केली, तर फायलीत बारा खर्डे येतात आणि बाराही शिक्षकाचेच असतात.

पहिला खर्डा

घरी लिहायला देताना ‘रसग्रहण करा’ असे सांगू नये. त्या शब्दाबरोबर साचा आपोआप येतो. त्याऐवजी असा प्रश्न द्यावा ज्याचे उत्तर कवितेतल्या शब्दांकडे गेल्याशिवाय देता येणार नाही. ‘कवितेतला काळा रंग तुम्हाला भीतिदायक वाटतो का? कोणत्या शब्दांमुळे?’ किंवा ‘झाडासाठी उभा हा शब्द सोडून कवीने बसला हा शब्द घेतला, त्याने काय बदलते?’ किंवा ‘शेवटच्या ओळीतील असला या शब्दाचा अर्थ तुम्ही कसा घ्याल?’ हा शेवटचा प्रश्न मला विशेष प्रिय आहे, कारण ‘असला’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ‘असले उद्योग करू नकोस’ असे आई म्हणते तेव्हा त्यात नापसंती असते, आणि ‘असला पाऊस आयुष्यात पाहिला नव्हता’ असे आजोबा म्हणतात तेव्हा त्यात आश्चर्य असते. बालकवींच्या ओळीत यांपैकी कोणता सूर आहे, याचा निर्णय मुलाला स्वतःच्या कानाने घ्यावा लागतो, आणि तो घेताना मराठी ही आपली भाषा असल्याचा फायदा त्याला पहिल्यांदाच कवितेच्या अभ्यासात होतो.

लेखनासाठी मी मुलांना तीन शब्द देते: विधान, आधार, उलगडा. आपल्याला काय वाटले ते एका वाक्यात सांगायचे, ते कवितेतल्या कोणत्या शब्दामुळे वाटले तो शब्द अवतरणचिन्हांत लिहायचा, आणि त्या शब्दातून ते कसे निघते हे समजावून द्यायचे. बहुतेक मुले विधान सहज करतात, थोड्या सरावाने आधारही देऊ लागतात, पण उलगडा टाळतात, कारण शब्द उद्धृत केला म्हणजे मुद्दा सिद्ध झाला असे त्यांना वाटते. ‘औदुंबर गूढ आहे, कारण कवी म्हणतो पाय टाकुनी जळांत बसला’ असे लिहून मूल थांबते. पाण्यात पाय सोडून बसणे यात गूढ काय आहे? नदीकाठी आपणही तसेच बसतो. ती कृती माणसाची आहे आणि कवितेत माणूस नाही, म्हणून झाडाने ती केलेली पाहताना वेगळे वाटते, हा झाला उलगडा. सगळी मेहनत येथे आहे, म्हणून शिक्षकाचा वेळही येथेच सर्वांत जास्त जावा.

आणखी एक कसोटी मुलांना पहिल्या दिवसापासून द्यावी. लिहून झाल्यावर कवितेचे आणि कवीचे नाव हाताने झाकायचे आणि प्रत्येक वाक्याला विचारायचे, की हे वाक्य दुसऱ्या एखाद्या कवितेखाली लिहिले असते तर चालले असते का? ‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ कोणत्याही पावसाच्या कवितेखाली चालते. ‘झाडाला रंग दिलेला नाही’ हे वाक्य चालत नाही. जे वाक्य कुठेही चालते ते खोडावे. पहिल्या वेळी काही मुलांच्या पानावर दोनच वाक्ये उरतात. त्यांना धीर द्यावा, कारण ती दोन वाक्ये त्यांची स्वतःची असतात.

वाचणाऱ्याने काय लिहावे

ही पद्धत बहुधा दुसऱ्या आठवड्यात ढासळते, आणि तीही याच ठिकाणी. मुलांना नुसते ‘मित्राच्या लेखनावर मत द्या’ असे सांगितले की मधली दोन पाने ‘छान लिहिले आहेस’, ‘अक्षर सुंदर आहे’, ‘अजून थोडे लिही’ अशा शेऱ्यांनी भरतात. मुले आम्हा शिक्षकांच्याच शेऱ्यांचे अनुकरण करत असतात, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. म्हणून उत्तर देणाऱ्याला तीन कामे नेमून द्यावीत आणि विशेषणे पूर्ण बंद करावीत. पहिले काम असे, की लेखकाचे एक वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यायचे आणि त्यामुळे कवितेत आधी न दिसलेले काय दिसले ते सांगायचे. दुसरे काम, ज्या वाक्याला आधार सापडत नाही त्याच्यापुढे ‘हे कवितेत कुठे आहे?’ असा प्रश्न लिहायचा. तिसरे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी आहे: लेखकाच्या मताच्या विरुद्ध जाणारा एक शब्द कवितेतून शोधून त्याच्यासमोर ठेवायचा.

या तिसऱ्या कामाचा प्रत्यय ‘औदुंबर’मध्ये लगेच येतो. शेवटच्या ओळींत मृत्यूची छाया आहे, असे एखाद्या मुलाने काळ्या डोहाच्या आधाराने लिहिले, तर उत्तर देणारी मुलगी त्याला विचारते, की मग ‘काळिमा’ या शब्दाआधी ‘गोड’ का आहे? त्या एका विशेषणाने सगळा मुद्दा हलतो. लेखकाला आता तीन वाटा असतात: मत बदलावे, मत राखून ‘गोड’ या शब्दाला त्यात जागा करून द्यावी, किंवा दोन्ही भाव एकत्र आहेत असे म्हणून ते कसे एकत्र राहतात ते दाखवावे. कोणतीही वाट घेतली तरी दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा खोल होतोच. सुंदर आणि भीतिदायक या दोन कप्प्यांत जग वाटून टाकण्याची सवय असलेल्या मुलाला गोड असा काळिमा समजून घ्यावा लागतो, आणि तो समजून घेताना त्याची वाक्येही लांब होतात, त्यांत ‘तरीही’, ‘मात्र’, ‘एकीकडे’ असे शब्द येऊ लागतात. मूल विचार करू लागल्याची ती खूण असते, आणि ती दिसली की मला फार आनंद होतो.

शुद्धलेखनाच्या चुका काढण्याचे काम मुलांवर सोपवू नये. ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली की वाचणारा तेवढ्यावर समाधान मानतो आणि आशयाकडे पोहोचत नाही. शिवाय ज्याचे शुद्धलेखन कच्चे आहे, आणि घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते अनेकदा कच्चे असते, तो पुढच्या वेळी फायलीत कागद ठेवायलाच घाबरतो. शुद्धलेखन शिक्षकाने सुधारलेल्या खर्ड्यावर पाहावे, पेन्सिलीने, आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. बोलीतला शब्द मुलाने विचारपूर्वक वापरला असेल, तर तो राहू द्यावा. खानदेशातल्या मुलीने डोहासाठी आपल्या घरातला शब्द लिहिला, तर तिला तो शब्द आणि ‘डोह’ यांत काय फरक वाटतो ते विचारावे. तिच्या उत्तरात कधी कधी संपूर्ण लेखाचा ऐवज असतो. कठोर प्रश्न आणि बोचरे बोलणे यांतला फरकही आधी समजावून सांगावा लागतो. प्रश्न वाक्याला विचारायचा असतो, वाक्य लिहिणाऱ्याला नाही. ‘तुला कळलेच नाही’ असे लिहिणाऱ्याला आपले पान पुन्हा लिहायला लावावे.

वाचून दाखवण्याची तासिका आणि दुसरा खर्डा

शनिवारची एक तासिका यासाठी राखून ठेवता आली तर उत्तम. बारापैकी दोनच कागद निवडावेत, लेखकाची परवानगी घेऊन पहिला खर्डा मोठ्याने वाचावा, आलेले प्रश्न वाचावेत आणि वर्गाला बोलू द्यावे. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलांचे कागद दर वेळी निवडले जाणार नाहीत, याची काळजी शिक्षकाने जाणीवपूर्वक घ्यावी. एखाद्या कागदात एकच ओळ विलक्षण असेल आणि बाकी सगळे अडखळते असेल, तरी त्या ओळीसाठी तो कागद निवडावा.

शिक्षकाने स्वतः मधल्या पानांवर लिहावे, पण मुलांनंतर आणि मुलांच्याच नियमांनी. माझे म्हणणे आधी लिहिलेले असेल तर मुले तेच गिरवतात, हे मी अनुभवाने शिकले आहे. मुलांच्या प्रश्नांपैकी सर्वांत चांगल्या प्रश्नाखाली रेघ मारून ‘याचे उत्तर दे’ एवढे लिहिणे पुष्कळदा पुरेसे असते.

दुसरा खर्डा कसा बदलतो याचा नमुना मुलांसमोर एकदा ठेवावा. पहिल्या खर्ड्यात असे असते: ‘कवितेच्या शेवटी औदुंबराचे सुंदर चित्र आहे. तो पाण्यात पाय टाकून बसला आहे. कवीची कल्पनाशक्ती अप्रतिम आहे.’ त्यावर प्रश्न येतात, की बसला यात अप्रतिम काय, आणि बाकीच्या कवितेशी त्याचा संबंध काय. मग चौथ्या पानावर असे काही उमटावे: ‘या कवितेत झरा वाहतो आणि पायवाट चालते, पण दोघेही जिथे पोहोचतात तिथे औदुंबर आधीच बसलेला आहे. तिसऱ्या ओळीत टेकडीकडे आणि सहाव्या ओळीत डोहाकडे असे शब्द ओळीच्या शेवटी येतात, त्यामुळे कविता वाचताना आपणही कुठेतरी निघालो आहोत असे वाटते. शेवटच्या ओळीत मात्र पुढे जाण्याची दिशा संपते. त्याला रंगही दिलेला नाही, म्हणून मी तो काळिम्यातच पाहिला.’ शेवटच्या वाक्यातला ‘मी’ मला मोलाचा वाटतो. आपण जे पाहिले ते आपण पाहिले, असे म्हणण्याचे धाडस त्यात आहे, आणि त्याच्या मागे तीन वाक्यांचा आधार आहे.

काही अडचणी ज्या हमखास येतात

‘कवी उदास झाला आहे’, ‘कवीला गावाची आठवण येते’ अशी वाक्ये मुले सवयीने लिहितात. ‘औदुंबर’मध्ये ‘मी’ एकदाही येत नाही, त्यामुळे कवीला काय वाटते हे या कवितेच्या आधारे सांगता येत नाही. वाचताना आपल्याला काय वाटते आणि कोणत्या शब्दाने वाटते, एवढे सांगता येते. ज्या कवितेत ‘मी’ असतो तिथेही तो कवितेतला ‘मी’ आहे, एवढे भान पहिल्या सत्रात आले तरी पुष्कळ झाले.

याच वाटेने कवीचे चरित्र येते. बालकवींचा जन्म 13 ऑगस्ट 1890 रोजी धरणगावला झाला आणि 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. हे कळताच मुलांना काळ्या डोहात तो मृत्यू दिसू लागतो. माहिती लपवू नये, ती हृदयाला चटका लावणारी आहेच. परंतु ती पहिल्या खर्ड्यानंतर द्यावी आणि विचारावे, की ही तारीख माहीत नसताना तुम्ही जे लिहिले होते त्यातले काय आता चुकीचे ठरते? बहुतेक वेळा काहीच चुकीचे ठरत नाही, आणि कवितेचा अर्थ चरित्राच्या चावीने उघडत नाही हे मुलांना न सांगता कळते. औदुंबर म्हणजे दत्ताचे झाड, म्हणून ही भक्तिकविता आहे, असे लिहिणारेही दरवर्षी असतात. तो संदर्भ आपल्या घराघरांत आहे आणि वाचताना मनात येणे स्वाभाविक आहे, तेव्हा त्याला खोडून काढू नये. त्या मुलाला कवितेतून तसा आधार दाखवायला सांगावे. ‘बसला’ या शब्दात आसनस्थ मूर्तीचा भास होतो असे एखाद्याने लिहिले, तर तो विचार करण्याजोगा आधार आहे.

कवितेतले शब्द आपल्या वाक्यात कसे गुंफावेत, हेही शिकवावे लागते, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि उद्धृत केलेल्या शब्दाला ते चिकटवले की मूळ शब्द बदलतो. ‘काळिमा’ला असे अवतरणचिन्हाबाहेर लिहावे, किंवा ‘काळिमा’ या शब्दामुळे अशी रचना करावी. दुसरी रचना मुलांना लवकर जमते. जुन्या कवितेतले ‘गांव’, ‘जळांत’, ‘पुढें’ यांवरचे अनुस्वार पाहून मुले गोंधळतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये आले, त्यापूर्वी असे लिहीत असत, एवढे सांगून अवतरणात समोरच्या छापील पाठाप्रमाणेच लिहावे आणि स्वतःच्या वाक्यात आजच्या नियमांप्रमाणे लिहावे, असा दंडक घालून द्यावा.

कथा किंवा ललितगद्यासाठी हीच पद्धत चालते, फक्त मोजण्याच्या गोष्टी बदलतात. कथेत कोण बोलते आणि कोण गप्प राहते, काळ कुठे झपाट्याने पुढे जातो आणि कुठे एका क्षणावर दोन पाने खर्च होतात, एखादी वस्तू पुन्हा कधी येते, हे शोधायला लावावे. गोष्टीचा सारांश लिहिण्याचा मोह येथे फार प्रबळ असतो. म्हणून ‘वाचणाऱ्याने कथा कालच वाचली आहे’ असे पहिल्याच दिवशी बजावावे. वर्गातला वाचक खरोखरच तसा असतो, त्यामुळे हे सांगणे मुलांना पटते.

परीक्षेचे काय, असे पालक विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. रसग्रहणाच्या उत्तरात जे मुद्दे अपेक्षित असतात त्यांच्याशी या लेखनाचा विरोध नाही. मूल कवितेतल्या शब्दांविषयी आधार देऊन बोलू लागले, की त्यातले कोणते वाक्य आशयाचे आणि कोणते भाषेचे, हे वेगळे करून ठरलेल्या मुद्द्यांखाली मांडायला त्याला एक-दोन तासिका पुरतात. म्हणून मुद्द्यांचा साचा मी सत्राच्या शेवटी शिकवते. सुरुवातीलाच तो दिला तर मुले रकाने भरू लागतात. फायलीतल्या कागदांना गुण मात्र कधीही देऊ नयेत. गुण दिसले की मधली दोन पाने कोणी वाचत नाही.

वर्षअखेरीस पाचही फायलींतले कागद एकत्र करून प्रत्येक मुलाला आपला एक कागद निवडू द्यावा, आणि निवडलेले साठ कागद चारही पानांसकट, खाडाखोडीसकट, एका पुठ्ठ्यात बांधावेत. सुवाच्य प्रत काढायला लावू नये. जूनमध्ये नवा वर्ग आला की पहिल्या आठवड्यात हे बाड त्यांच्या हाती द्यावे आणि सोबत काही कोरे कागद ठेवावेत. ‘गोड काळिमा’वर गेल्या वर्षी कुणीतरी विचारलेल्या आणि अजून कुणीच उत्तर न दिलेल्या प्रश्नावर नव्या वर्गातले पहिले मूल लिहू लागते, तेव्हा त्याला अजून कविताही शिकवलेली नसते, ती ते फळ्यावर लिहून मागते.